‘नॅनोपार्टिकल डिलिव्हरी’ मराठीत: पोचवणे की सोडणे?

विचारणा खानापूरची आहे. मराठी-कन्नड आरोग्यपत्रकाच्या मसुद्यात ‘जीन सायलेन्सिंग’ला ‘जनुक नष्ट करणे’ आणि ‘नॅनोपार्टिकल डिलिव्हरी’ला ‘अब्जांशकण वितरण’ लिहिले आहे. हे चालेल का?

‘नष्ट’ आधी काढा. या उपचारात जनुकाला हातही लागत नाही. यातले औषध, एसआय-आरएनए, हा २१ ते २३ अक्षरांचा आरएनएचा दुपदरी तुकडा. जनुकाकडून निघालेला निरोप, म्हणजे एम-आरएनए, हा तुकडा पेशीकडूनच कापवून घेतो. मग प्रथिन बनत नाही. पेशी नवे निरोप लिहीतच राहते. म्हणून तर २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालेले पॅटिसिरान हे एसआय-आरएनए औषध दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते. तेव्हा ‘जनुक गप्प करणे’ म्हणा. नामच हवे तर ‘जनुकशमन’. शमलेले पुन्हा उसळते, हा अर्थ त्यात येतो.

‘अब्जांश’ हे माप आहे, मीटरचा अब्जांश म्हणजे नॅनोमीटर. औषध वाहणारा हा कण तसले ८०-१०० नॅनोमीटर भरतो. ‘नॅनोकण’ पुरे, कन्नड रकान्यातही तोच शब्द चालतो. ‘पेशी’साठी मात्र तिकडे ‘जीवकोश’च लिहा.

आता ‘डिलिव्हरी’. दवाखान्याच्या पत्रकात हा शब्द दिसला की बाळंतपणच आठवते, आणि ‘वितरण’ म्हटले की रेशन. कन्नडमधला ‘तलुपिसु’ म्हणजे सरळ आपले ‘पोचवणे’. पण इथे कामे दोन आहेत. उघडा आरएनए रक्तातली विकरे तोडतात, म्हणून तो चरबीच्या कणात बांधतात. त्या कणातले एक लिपिड, म्हणजे चरबीचा रेणू, आम्लात धनभारित होते. रक्तात कणावर अपो-ई प्रथिन बसते आणि यकृताची पेशी त्याला आत ओढते. झाले पोचवणे. तरी माल अजून एंडोसोममध्ये, म्हणजे आत ओढताना पेशीने त्याभोवती केलेल्या पिशवीत, अडकलेला असतो. पिशवी आंबट होते, लिपिडावर धनभार येतो, पडदा फाटतो, तेव्हा आरएनए पेशीद्रवात उतरतो. सुटतो तो जेमतेम एक-दोन टक्के. उरलेला बहुतेक पेशीच पचवते. औषध बहुधा इथेच फसते, म्हणून दोन्ही क्रियापदे वेगळी ठेवा.

पत्रकात असे लिहा: ‘नॅनोकण औषध यकृताच्या पेशींपर्यंत पोचवतात आणि आत सोडतात, त्याने जनुक काही आठवडे गप्प राहते.’