वीर्य पातळ आणि पिवळसर असेल तर मूल व्हायला अडचण येते का? चांगलं वीर्य कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की वय २७, चार महिन्यांवर लग्न आलंय, वीर्य थोड्या वेळाने पाण्यासारखं होतं, कधी पिवळट दिसतं, आणि ‘घट्ट असेल तरच मूल होतं’ असं मित्राने डोक्यात भरवलंय. मी डॉक्टर नाही. सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं टेक्निशियन आहे, आणि आठवड्याला चार-पाच तरी नमुने माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली येतात. एवढी वर्षं काढूनही नुसतं बघून त्यात शुक्राणू आहेत की नाहीत, हे मला सांगता येत नाही. मग मित्राला कुठून येणार?

नसबंदी झालेली माणसं ऑपरेशननंतर साधारण तीन महिन्यांनी तपासणीला येतात. नमुन्याचा रंग तोच, चिकटपणा तोच, मापही जवळपास तेवढंच. स्लाइडवर मात्र एकही शुक्राणू नसतो. कारण वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा, जेमतेम काही टक्के. बाकी सगळा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो.

आता पातळपणाचं. नमुना हातात आला की मी आधी घड्याळ बघून वेळ लिहितो. सुरुवातीला तो साबुदाण्याच्या पेजेसारखा असतो, मध्ये मध्ये गुठळ्या. प्रोस्टेटच्या स्रावातलं एक एन्झाइम त्या गुठळ्या मोडतं आणि बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटांत नमुना पातळ होतो. तासाभरातही झाला नाही तर रिपोर्टमध्ये तशी नोंद जाते. म्हणजे तुम्ही ज्याला घाबरताय, त्याचीच मी वाट बघत बसलेला असतो.

रंग साधारण करडा-पांढरा. वीर्यपातात बरेच दिवसांचा खंड पडला किंवा व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असल्या की पिवळट झाक येते, तेवढ्याने काही बिघडत नाही. वास थोडा ब्लीचिंग पावडरसारखा, तोही नेहमीचाच. मात्र रंग हिरवट असेल, लघवीला जळजळ होत असेल, ताप किंवा अंडकोषात दुखणं असेल, तर जंतुसंसर्गाची शंका येते. लाल किंवा तपकिरी दिसलं तर ते रक्त. तरुण वयात ते बहुधा आपोआप थांबतं, पण एकदा डॉक्टरला दाखवा.

खरं काय ते रिपोर्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतल्या किमान मर्यादा अशा: माप १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, पूर्ण नमुन्यात ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, सरळ पुढे जाणारे ३० टक्के, आणि आकाराने नीट असलेले ४ टक्के. हो, चारच. एकदा एक मुलगा रिपोर्ट घेऊन परत काउंटरवर आला, डोळे भरलेले. “सर, ९५ टक्के खराब आहेत म्हणे.” त्याचे ५ टक्के नीट होते, म्हणजे मर्यादेच्या वर. चहा पाजून घरी पाठवला. (हे कागद घरी बसून गूगलवर वाचू नका, खरंच.) शिवाय हे आकडे आले कुठून? ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांमधल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांच्या रेषेवरून. त्या रेषेच्या खाली असूनही बाप झालेले आहेत आणि वर असूनही अडलेले आहेत.

एका रिपोर्टवर कुणालाही नापास करू नये, हे माझं ठाम मत. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. मागे डेंग्यू किंवा टायफॉइडचा जोरदार ताप येऊन गेला असेल, तर त्याचा हिशेब आजच्या नमुन्यात दिसतो. अंडकोष शरीराबाहेर लोंबतात तेच मुळी दोन-तीन अंश थंड राहण्यासाठी. भट्टीजवळ काम करणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

वीर्य बघत बसण्यापेक्षा काही गोष्टी आठवून बघा. लहानपणी एखादा अंडकोष खाली उतरला नव्हता का? वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजले होते का? उभं राहिल्यावर डाव्या बाजूला गांडुळांच्या जुडग्यासारख्या शिरा हाताला लागतात का? त्याला व्हेरिकोसील म्हणतात, आणि पुरुषांमधल्या अडचणीचं ते नेहमी सापडणारं, बऱ्याचदा उपचार होण्यासारखं कारण आहे. विडी-सिगारेट आणि दारूने नुकसान होतंच. पण हल्ली मला जास्त धास्ती जिमच्या इंजेक्शनांची वाटते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदू अंडकोषांना कामाचा निरोपच पाठवत नाही. दंड भरलेले, छाती फुगलेली, आणि स्लाइड रिकामी, असे नमुने मी पाहिलेत. इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्यात महिने जातात.

आणि ते ‘चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब’ म्हणतात ते? रक्त वेगळं, वीर्य वेगळं. र. धों. कर्वे १९२७ पासून मासिक काढून असल्या गैरसमजांवर मराठीतच लिहीत होते, तरी आपल्या एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘धातू’ म्हणजे वीर्य वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिराती अजून आहेतच. त्या पुड्यांवर पैसे घालवू नका.

तुम्हाला वरचं काहीच लागू नसेल, तर लग्नाआधी तपासणीची गरज मला दिसत नाही. लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत, तर दोघांनी एकदमच डॉक्टरकडे जा. बायको पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांनीच. आधी बायकोच्या दहा तपासण्या आणि शेवटी नवऱ्याची एक, हा क्रम मी रोज बघतो आणि रोज चिडतो. तुमची तपासणी एका डबीत होते.

ती डबी मात्र लॅबचीच घ्या, औषधाच्या धुतलेल्या बाटलीत आणू नका. आधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवसांचा खंड हवा. साबण, तेल, थुंकी, साधा कंडोम, काही वापरायचं नाही. पहिले थेंब सांडले तर न लाजता सांगा, सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात. घरून आणणार असाल तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोचवा. एकाने ती बर्फाच्या पिशवीत घालून आणली होती. त्याला परत बोलवावं लागलं.