वसाहतीच्या सभागृहात वर्षभराचा सांस्कृतिक हंगाम कसा आखावा?

आपण विचारले आहे की, पुण्यातील आपल्या वसाहतीचे सव्वाशे खुर्च्यांचे सभागृह लग्नमुंजींखेरीज रिकामेच असते, तेथे वर्षभर सांस्कृतिक कार्यक्रम करायचे झाल्यास कोणाला बोलवावे. मी अशाच एका लहान सभागृहाच्या कार्यक्रम समितीत बरीच वर्षे काम करतो आहे, आणि माझ्या मते कोणाला बोलवावे हे ठरवण्याआधी कार्यक्रम कधी करायचे हे ठरवले पाहिजे. महिन्यातील एक वार आणि एक वेळ, उदाहरणार्थ दुसरा शनिवार, सायंकाळी साडेसहा, निश्चित करून ती वर्षभर पाळावी. लहान सभागृहाचा प्रेक्षक चालत येण्याच्या अंतरावरचा असतो, त्यात ज्येष्ठ नागरिक बहुसंख्य असतात, आणि मोठ्या नावापेक्षा सवय त्यांना अधिक खात्रीने घराबाहेर काढते. मोठ्या नावाचा एक कार्यक्रम करून वर्षाचा निधी संपवणारी मंडळे मी पुष्कळ पाहिली आहेत.

ही तारीख ठरवताना शहराचे वेळापत्रक मात्र समोर ठेवावे, कारण त्यात अडचणी आहेत तशाच संधीही आहेत. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची धामधूम संपली की महाविद्यालयीन संघांकडे उत्तम बसलेली एकांकिका असते आणि ती करायला जागा नसते. त्याचप्रमाणे राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत उतरणाऱ्या हौशी संस्थांना त्याआधी परक्या प्रेक्षकांसमोर एक रंगीत तालीम हवी असते. टेम्पोचे भाडे आणि चहापाणी एवढ्यावरही त्या आनंदाने येतात. आपला हंगाम त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून सुरू होणे सर्वांत सोयीचे ठरेल. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन ही निमित्ते आहेतच. डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत गाण्याची बैठक ठेवू नये. आपले श्रोते तर तिकडे असतातच, साथीदारही मिळत नाहीत. मार्चमध्ये परीक्षा असल्याने घरोघरी टीव्हीसुद्धा बंद असतो, तो महिना सोडून द्यावा. एप्रिल-मे महिन्यांत व्याख्याने ठेवण्याचा मोह टाळावा, कारण १८७५ पासून चालत आलेली वसंत व्याख्यानमाला त्याच सुमारास असते; त्याऐवजी सुट्टीत मुलांचे नाट्यशिबिर घ्यावे आणि शेवटच्या दिवशी त्यांचेच नाटुकले करावे. त्या दिवशी खुर्च्या कमी पडतात, हे मी खात्रीने सांगू शकतो.

सभागृह नाट्यगृहासारखे नाही, ही आपली चिंता मला फारशी पटत नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून प्रायोगिक नाटके केली आणि त्या जागेच्या नावाने एक चळवळ ओळखली गेली. आपल्याला अडचण होईल ती पंख्यांची. संथ आलापी चालू असताना छतावरच्या पंख्याची घरघर तानपुऱ्याच्या सुरात मिसळते आणि ध्वनिक्षेपक ती इमानाने मोठी करून ऐकवतो; पंखे बंद करावेत तर दहा मिनिटांत लोक पत्रिकांनी वारा घेऊ लागतात. म्हणून गाण्याची बैठक थंडीतच ठेवावी. पावसाळ्यात दमट हवेने तबला उतरत राहतो आणि तबलजीचा अर्धा वेळ हातोडी चालवण्यात जातो. ते दोन-तीन महिने कथांचे अभिवाचन आणि मुलाखती यांना द्यावेत. त्यांना दोन माईक आणि बरा उजेड यांपलीकडे काही लागत नाही.

पैशांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. सन्मानिका वाटू नयेत. फुकट पत्रिका घेतलेला माणूस ढग दिसले तरी येत नाही, शंभर रुपये दिलेला भिजत येतो. वार्षिक सभासदत्व ठेवल्यास हंगामाच्या आरंभीच रक्कम हाती येते आणि कलाकाराचे मानधन आधी ठरवून त्याच संध्याकाळी पाकिटात देता येते. नवोदितांना ‘व्यासपीठ मिळते आहे ना’ असे सांगून विन्मुख पाठवणाऱ्या संस्थांकडे दुसऱ्या वर्षी कोणी फिरकत नाही, आणि ते योग्यच आहे.

नाटकासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे (नाटकाची संहिता तपासणाऱ्या शासकीय मंडळाचे) प्रमाणपत्र आणि लेखकाची परवानगी संस्थेकडून आधीच मागून घ्यावी. दिवाळी पहाट अंगणात करणार असाल, तर उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास बंदी आहे हे ध्यानात ठेवावे. पत्रिकेवर पहाटे साडेपाचची वेळ छापायचीच असेल, तर पहिला अर्धा तास फराळासाठी ठेवावा आणि गाणे सहानंतर सुरू करावे.