पवनचक्कीच्या रोटरला वीज कशासाठी?

प्रश्न : मी चिक्कोडी तालुक्यातील एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. ऊस उतरवणाऱ्या क्रेनच्या स्लिप रिंग मोटरची देखभाल माझ्याकडे असे. तिच्या रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, रेझिस्टन्स बॉक्स जोडून वेग कमी-जास्त करतात, हे मला ठाऊक आहे. माझा भाचा सौंदत्तीकडे पवनचक्क्यांवर कामाला आहे. तो सांगतो की तेथील जनरेटरलाही स्लिप रिंग आहेत, परंतु रेझिस्टन्स नाही. उलट रोटरलाच वीज पुरवतात. जे यंत्र वीज तयार करते, त्याला वीज कशासाठी द्यायची? आणि ती उत्पादनातून वजा होत नाही काय?
— एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : आपण ज्या मोटरवर काम केले, तिचीच रचना या जनरेटरची आहे. स्टेटरवर, म्हणजे स्थिर भागावर, तीन फेजचे वाइंडिंग, रोटरवरही तीन फेजचे वाइंडिंग, आणि रोटरची टोके स्लिप रिंग व कार्बन ब्रशमार्फत बाहेर काढलेली. क्रेनवर त्या बॉक्सच्या जाळ्या हात लावू देत नाहीत इतक्या तापतात, ती रोटरमधून निघून वाया जाणारी वीजच होय. पवनचक्कीत त्या बॉक्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर असतो आणि त्यातून वीज दोन्ही दिशांनी नेता-आणता येते. स्टेटर मात्र, मध्ये कन्व्हर्टर न घालता, केवळ ट्रान्सफॉर्मरमार्फत ग्रिडला जोडलेला असतो.

आता मूळ अडचण पाहू. ग्रिड 50 हर्ट्झवर चालते आणि चार पोलच्या यंत्रात त्याचा अर्थ मिनिटाला 1500 फेरे असा होतो. साधा, म्हणजे पिंजरा-रोटरचा, इंडक्शन जनरेटर या वेगाच्या अगदी किंचित वर, फार तर एक-दोन टक्के अधिक वेगाने फिरतो. त्यामुळे गिअरबॉक्सने त्याला जोडलेल्या पात्यांनाही वारा मंद असो की जोराचा, जवळजवळ एकाच वेगाने फिरावे लागते. वास्तविक पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाशी ठरावीक प्रमाणात राहिला, तरच वाऱ्यातून जास्तीत जास्त शक्ती मिळते. शिवाय वेग बदलायला वाव नसल्याने प्रत्येक झोताचा धक्का थेट गिअरबॉक्सच्या दातांवर बसतो. म्हणून पाती हव्या त्या वेगाने फिरावीत आणि स्टेटरमधून वीज मात्र 50 हर्ट्झनेच निघावी, अशी युक्ती हवी होती.

ती युक्ती रोटरला दिलेल्या विजेत आहे. रोटरला कन्व्हर्टरकडून बदलत्या वारंवारतेचा करंट मिळतो आणि त्यामुळे रोटरच्या पृष्ठावर एक फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. स्टेटरला जाणवतो तो रोटरचा स्वतःचा वेग आणि या क्षेत्राचा रोटरवरील वेग यांची बेरीज. चालत्या बसमध्ये कंडक्टर पुढे चालू लागला, तर रस्त्यावरून पाहणाऱ्याला त्याचा वेग बसहून अधिक दिसतो, मागे चालला तर कमी; येथेही तसेच आहे. रोटर हळू फिरत असेल तर क्षेत्र त्याच्याच दिशेने फिरवून उणीव भरून काढतात, रोटर जास्त वेगात असेल तर उलट दिशेने फिरवतात, आणि बरोबर 1500 फेऱ्यांवर असेल तर रोटरला थेट डीसी करंट पुरतो.

आकड्यांनी पाहिले तर वजाबाकीची शंका आपोआप फिटते. समजा, स्टेटरमधून 1000 किलोवॅट बाहेर पडत आहेत आणि झीज हिशेबात धरलेली नाही. रोटर 1200 फेऱ्यांवर असेल तर स्लिप, म्हणजे 1500 फेऱ्यांच्या तुलनेत वेगातील फरक, 20 टक्के. रोटरमधील करंट 10 हर्ट्झचा, आणि रोटरला कन्व्हर्टरकडून 200 किलोवॅट द्यावे लागतात. ग्रिडला निव्वळ मिळतात 800, आणि वाऱ्याने शाफ्टवर दिलेली शक्तीही 800 किलोवॅटच असते. म्हणजे वाऱ्याचे काही बुडाले नाही. रोटरला दिलेले 200 किलोवॅट स्टेटरमार्फत परत आले. रोटर 1800 फेऱ्यांवर गेला की चित्र पालटते. करंट 10 हर्ट्झचाच राहतो, परंतु 200 किलोवॅट आता रोटरमधून बाहेर निघतात आणि कन्व्हर्टरमार्फत ग्रिडला मिळतात, एकूण 1200. जोराच्या वाऱ्यात, म्हणजे खरे उत्पादन होते तेव्हा, हे यंत्र दोन्ही बाजूंनी वीज देते. भाच्याने सांगितले ते खरे, पण अर्धेच.

कन्व्हर्टरमधून केवळ स्लिपच्या प्रमाणातील शक्ती जाते, हा या रचनेचा सर्वांत मोठा व्यावहारिक फायदा आहे असे मला वाटते. वेगाची मर्यादा साधारण तीस टक्के खाली-वर ठेवली, तर कन्व्हर्टर जनरेटरच्या क्षमतेच्या पाव ते तीस टक्के एवढाच लागतो. आणखी एक गोष्ट आपल्या विहिरीवरील पंपाच्या अनुभवातून लक्षात येईल. इंडक्शन यंत्राला चुंबकनासाठी ये-जा करणारी, पण प्रत्यक्ष काम न करणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर लागते, म्हणून पंपाला कपॅसिटर लावतात. येथे ते काम रोटरच्या करंटवरून होते आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण विजेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेचे प्रमाण, हवा तसा ठेवता येतो. किंमत मोजावी लागते ती ब्रशच्या झिजेची आणि त्यांच्या काजळीची, जी आपल्याला नव्याने सांगायला नको.

रोटरमधील शक्ती वाया न घालवता वापरण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. तिच्या एका पद्धतीला ज्यांचे नाव आहे ते जर्मन अभियंते आर्थर शेर्बियस. एनिग्मा हे सांकेतिक संदेशांचे यंत्रही त्यांचेच. उत्तराखंडातील टिहरी येथे पाणी पुन्हा वर चढवून साठवणाऱ्या वीजकेंद्रातही हेच तत्त्व 250 मेगावॅटच्या यंत्रांना लावले आहे.

प्रश्न : वळवाच्या पावसात लाइट जाते तेव्हा वारा सुटलेला असूनही डोंगरावरील पवनचक्क्या बंद पडतात. तेवढीच वीज गावाला का मिळत नाही?
— एक वाचक, सौंदत्ती तालुका

उत्तर : वर वर्णन केलेल्या जनरेटरचा कन्व्हर्टर ग्रिडचे व्होल्टेज आणि वारंवारता पाहूनच रोटरचा करंट ठरवतो. ग्रिडच नाहीसे झाले की त्याला मागोवा घ्यायला काही उरत नाही. स्वतः व्होल्टेज उभे करणारे नियंत्रण बसवणे शक्य आहे, परंतु साध्या पवनचक्क्यांत ते नसते. आणि बंद म्हणून जाहीर झालेल्या लाइनवर वायरमन चढलेला असताना ती चालू राहणे धोक्याचे असल्याने यंत्र मुद्दाम तोडले जाते.

लाइट पूर्ण न जाता नुसते व्होल्टेज क्षणभर खाली बसले, तर प्रकार वेगळा. स्टेटर थेट ग्रिडला असल्याने तो धक्का तत्काळ रोटरपर्यंत पोहोचतो, तेथे मोठे व्होल्टेज उमटते आणि कन्व्हर्टर जळण्याची भीती असते. अशा वेळी क्रोबार नावाचे संरक्षण रोटरची टोके रेझिस्टन्समधून एकमेकांना जोडून टाकते, म्हणजे यंत्र काही क्षण क्रेनच्या मोटरसारखेच वागते. तेवढ्या वेळात ते ग्रिडकडून उलट रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर ओढते, म्हणून व्होल्टेज सावरताच क्रोबार सोडून कन्व्हर्टर पुन्हा ताबा घेतो.