“मॅडम, हा रात्रभर गाझाच बघतो”

“ह्याला झोपच नाही, मॅडम. रात्री अडीचलासुद्धा उशीखाली मोबाइल चालू.” पनवेलहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या आईचं हे पहिलं वाक्य. कुटुंब मूळचं रेवदंड्याकडचं, कोकणी मुसलमान. मुलगा बारावीला. त्याला आयान म्हणू. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. तो बाहेर गेल्यावर तिने खरी भीती सांगितली. त्याने स्टेटसला लिहिलं होतं, ‘हिटलर बरोबरच होता.’ “पोलीस आले तर?”

ऑक्टोबर 2023 मध्ये गाझात युद्ध पेटलं, तेव्हापासून अशा बऱ्याच आया माझ्याकडे आल्या. घरात बहुतेक एकच ऐकवून झालेलं असतं: ‘तुला काय करायचंय तिकडचं? अभ्यास कर.’ हे मात्र म्हणू नका, अगदी कळकळीने सांगते. पोराचं रडू खरं असतं. घरात त्याला जागा मिळाली नाही, की ते मोबाइलमध्ये जागा शोधतं, आणि तिथे त्याला द्वेष शिकवणारे टपलेलेच असतात.

आयानने मला एक क्लिप दाखवली. धुळीत उभा बाप, छातीशी पांढऱ्या कापडातलं हातभर गाठोडं. मलाही बोलवेना. मग म्हटलं, “हे बघून जीव तुटणं हा गुन्हा नाही. पॅलेस्टाइनला 1988 मध्ये आपल्या देशानेच मान्यता दिली. इस्रायल सरकारवर टीका कर, झायनवाद, म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं हा विचार, पटत नाही म्हण.” तो जरा सैलावला. क्लासमध्ये त्याला ‘तुमचा हमास’ म्हणून डिवचलं जात होतं. त्याची बाजू कुणी ऐकूनच घेतली नव्हती.

“पण हिटलरच्या राजवटीत साठ लाख ज्यू मारले गेले. त्यांत पंधरा लाखांच्या आसपास मुलं होती, ह्या गाठोड्यातल्यासारखी. त्यांच्या मारेकऱ्याला तू बरोबर म्हणालास.”

तो खाली बघत राहिला. “मला यहुद्यांचा राग येतो.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

मी वाद वाढवला नाही. नानीला रेवदंड्याचं विचारून ये, एवढंच सांगितलं.

पुढच्या खेपेला तो स्वतःहून बोलू लागला. नानीच्या शेजारी ‘शनवार तेली’ राहायचे. म्हणजे बेने इस्रायल, आपल्या कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ते नाव. घरात मराठी, आडनावाला ‘कर’, आपल्यासारखंच. प्रार्थनेच्या जागेला तेही मशीदच म्हणायचे. नानीची मैत्रीण घर बंद करून इस्रायलला निघाली, तेव्हा दोघी एसटीपाशी खूप रडल्या होत्या.

मग त्याने विचारलं, “मॅडम, तिचे नातू आता तिकडे लष्करात असतील?”

“असू शकतील. किंवा रस्त्यावर उतरून युद्ध थांबवा म्हणत असतील. तिथे तेही करणारे आहेत. तुला-मला इथून कसं कळणार?”

बराच वेळ तो काही बोलला नाही. त्याला घाई करायची मला गरज वाटली नाही.

बाकीचं साधंच. दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात. बातम्या संध्याकाळी अर्धा तास, अब्बूंबरोबर बसून, आणि त्यात 7 ऑक्टोबर 2023 ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये मारल्या गेलेल्या सुमारे 1200 माणसांविषयीही वाचायचं. अब्बूंना हे जड गेलं, पण ते बसले. तीन आठवड्यांनी झोप सहा तासांवर आली.

ते स्टेटस त्याने आधीच काढलं होतं, कुणी न सांगता. डीपीवर मात्र पॅलेस्टाइनच्या रंगांचं म्हणून कलिंगड ठेवलंय. जाताना आईने हळूच विचारलं, “तेही काढायला सांगू का?”

म्हटलं, “नको, राहू द्या.”