वाचकांचे प्रश्न : नवी गाडी घेताना घासाघीस कशावर करावी?

प्रश्न : आम्ही 9 लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी घेण्याचे ठरवले आहे. वर्धा रोडवरील एका शोरूमच्या कोटेशनमध्ये आरटीओ 1 लाख 12 हजार, विमा 48 हजार, हँडलिंग चार्जेस 9 हजार आणि ‘बेसिक किट’ 24 हजार असे आकडे आहेत. ‘आज बुकिंग केले तर 15 हजार कमी करतो’ असे सेल्समन म्हणतो. हा सौदा बरा आहे का?
— एक शिक्षिका, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : आपल्या कोटेशनमध्ये 15 हजारांची सूट एका हाताने दिलेली असून हँडलिंग आणि किट मिळून 33 हजार रुपये दुसऱ्या हाताने काढून घेतलेले आहेत, त्यामुळे सूट किती मिळते यापेक्षा प्रत्येक ओळीत कोणाचा पैसा आहे, हे आधी पाहावे.

एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि तिच्यात जीएसटी धरलेला असतो. रोड टॅक्स राज्य सरकारचा असतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे घेतलेल्या 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर तो 11 टक्के आहे, म्हणजे आपल्या गाडीवर सुमारे 99 हजार. नोंदणी शुल्क 600 रुपये आणि कर्ज असल्यास त्याच्या नोंदीचे 1,500 रुपये, शिवाय किरकोळ आकार धरले तरी 1 लाख 12 हजारांपर्यंत पोहोचताना काही हजारांचा हिशोब लागत नाही. त्याचा खुलासा मागावा, आणि ‘आरटीओची रक्कम प्रत्यक्ष पावतीप्रमाणे’ असे कोटेशनवरच लिहून घ्यावे. कर ऑनलाइन भरला जातो आणि त्याची पावती निघते, तेव्हा ती दाखवण्यात शोरूमला अडचण असण्याचे कारण नाही.

हँडलिंग चार्जेस हा कोणताही सरकारी कर नाही. ती ओळ काढून टाकण्यास शांतपणे सांगावे आणि त्याच मुद्द्यावर ठाम राहावे. किटमधील मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर यांपैकी जे हवे तेवढेच घ्यावे, कारण सीट कव्हर बाहेरच्या दुकानात बहुधा स्वस्त पडते. ‘किट घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही’ असे सांगितले गेल्यास मॅनेजरकडून ते लेखी मागावे. असे कागदावर लिहून देण्यास सहसा कोणी तयार होत नाही.

खरी रक्कम विम्यात सुटते. लहान गाडीवर विक्रेत्याचा नफा बेताचाच असतो आणि तो विमा, कर्ज व ॲक्सेसरीज यांतून भरून काढला जातो. नव्या गाडीला 3 वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) सक्तीचा आहे, मात्र तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती कोणीही करू शकत नाही. दुसऱ्या कंपनीचे कोटेशन आणताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, सारखी असल्याची खात्री करावी (नव्या गाडीची ती एक्स-शोरूम किमतीच्या 95 टक्के धरतात) आणि झिरो डेप (सुट्या भागांची घसारा-कपात न होणारे), इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या बिघाडासाठीचे) ही जादा कव्हरही दोन्हीकडे तीच असावीत, अन्यथा स्वस्त दिसणारा विमा केवळ तोकडा असतो. असा कागद समोर ठेवल्यावर शोरूमचा विम्याचा हप्ता पुष्कळदा आपोआप खाली येतो.

‘आजच’ या आग्रहाला बळी पडू नये. कंपनीच्या योजना बहुतेक महिन्यापुरत्या असतात, एका दुपारपुरत्या नसतात. त्याच कंपनीच्या शहरातील दुसऱ्या विक्रेत्याकडून आणि जमल्यास वर्धा किंवा अमरावती येथूनही त्याच व्हेरियंटचे, त्याच रंगाचे कोटेशन घ्यावे; राज्य एकच असल्याने रोड टॅक्सचा दर बदलत नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विक्रीचे उद्दिष्ट गाठायचे राहिले असेल, तर मॅनेजरचा हात सैल होतो. टोकन देण्यापूर्वी बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे पावतीवर असावे.

प्रश्न : पितृपक्षात गाडी स्वस्त मिळते, असे ऐकले आहे. वडील दसऱ्याचाच आग्रह धरतात. काय करावे?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : दसरा, धनत्रयोदशी आणि गुढीपाडवा या दिवशी शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते, मागणी अशी असताना विक्रेता भाव कशाला पाडेल? पितृपक्षात ग्राहक विरळ असतो, म्हणून बोलणी करण्यास तो काळ उत्तम. व्यवहार तेव्हा लेखी ठरवावा आणि गाडी दसऱ्याला घरी आणावी. वडिलांचा मुहूर्त राहतो आणि पैसेही वाचतात. फक्त ठरलेला भाव डिलिव्हरीपर्यंत कायम राहील, असे पत्रात नमूद असावे. ज्या मॉडेलला महिनोन्महिने वेटिंग आहे त्यावर मात्र पितृपक्षही उपयोगी पडत नाही.

डिसेंबरमधील सूट मोठी दिसते, परंतु जानेवारी उजाडताच ती गाडी गेल्या वर्षीची ठरते, कारण उत्पादनाचा महिना आणि वर्ष आरसीवर असते. पाच वर्षांत विकायची असल्यास हा फरक भावात दिसतो. दहा वर्षे वापरायची असल्यास सूट घ्यावी. नोंदणीपूर्वी गाडी यार्डात जाऊन पाहावी आणि टायरच्या बाजूवरील चार आकडी संख्या वाचावी : 2325 म्हणजे 2025 सालचा 23 वा आठवडा. गाडी किती काळ उभी होती, याचा अंदाज त्यावरून येतो.

प्रश्न : जुनी गाडी एक्सचेंजमध्ये द्यावी की बाहेर विकावी?
— एक वाचक, जरीपटका

उत्तर : नव्या गाडीचा भाव पक्का होईपर्यंत जुनीचा विषय काढू नये, दोन्ही एकत्र आले की एका ठिकाणची सूट दुसऱ्या ठिकाणी वसूल होते. त्यानंतर शोरूमची किंमत अधिक एक्सचेंज बोनस यांची बेरीज बाहेरच्या भावाशी ताडून पाहावी.

नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विमा हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग 5 वर्षे दावा केला नसल्यास तो 50 टक्के असतो आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यावर लागू होतो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे. गाडी दुसऱ्याच्या नावे करण्याचे फॉर्म 29 आणि 30 कोरे सही करून देऊ नयेत. आरसीवरील नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी आपल्याच माथी येऊ शकते, म्हणून नाव बदलल्याची नोंद परिवहन पोर्टलवर स्वतः पाहून घ्यावी.