आगमनकाळ आणि उपस्थिती: एकत्र चालतं का?

प्रश्न असा आलाय की चर्चच्या पत्रकात 'आगमनकाळात ख्रिस्ताची उपस्थिती' असा मथळा द्यायचाय, पण आगमन म्हणजे जो अजून यायचाय आणि उपस्थिती म्हणजे जो आलेलाच आहे, मग हे एकमेकांच्या विरोधात जात नाही का?

नाही जात. आगमनकाळ म्हणजे अ‍ॅडव्हेंट, नाताळाआधीचे चार रविवार, आणि हा अ‍ॅडव्हेंट आला लॅटिन 'आद्वेंतुस'वरून, म्हणजे येणं. पण खरी गंमत त्याच्या मागे आहे, कारण ग्रीक नव्या करारातल्या 'पारूसिया'साठी लॅटिन बायबलमध्ये बऱ्याच ठिकाणी हाच शब्द घातलाय, आणि पारूसियाचा मूळ अर्थच आहे जवळ असणं. नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्र 2:12 मध्ये प्रेषित पौल 'मी जवळ असताना' आणि 'मी जवळ नसताना' असं म्हणतो, त्यातलं जवळ असणं म्हणजे पारूसिया. त्याच शब्दाने राजाचं गावात येणंही सांगायचे आणि ख्रिस्ताचं पुन्हा येणंही.

आपल्याकडे 'हजर' बघा ना. कामावर हजर झाला म्हणजे आला, आणि हजर आहे म्हणजे इथेच आहे.

उपासनेतही दोन्ही टोकं आहेत. कॅथलिक परंपरेत 16 डिसेंबरपर्यंत भर ख्रिस्ताच्या पुनरागमनावर असतो आणि 17 पासून बेथलेहेमच्या जन्मावर. मग मधल्या काळाचं काय? बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाचे प्रमुख संत बर्नार्ड यांनी याचंच उत्तर दिलं, पहिलं येणं देहात, शेवटचं वैभवात, आणि या दोघांच्या मधलं तिसरं येणं गुप्तपणे, भाविकाच्या अंतःकरणात, आत्ता. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण वाट बघणाऱ्याला तो एकटा नाही हे त्यातून कळतं. मत्तयाचं शुभवर्तमानही 'इम्मानुएल', म्हणजे आम्हांबरोबर देव, या नावाने सुरुवातीलाच हे सांगतं (1:23) आणि शेवटच्या ओळीत येशू स्वतःच म्हणतो की मी सदैव तुमच्याबरोबर आहे (28:20).

अजून एक, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी 'मारानाथा' हा अरामी शब्द येतो. तो 'माराना था' असा तोडला तर 'आमच्या प्रभू, ये', आणि 'मारान अथा' असा तोडला तर 'आमचा प्रभू आला आहे'. अभ्यासक दोन्ही वाचनं देतात.

तेव्हा विरोध नाही, पण 'उपस्थिती' मात्र मी बदलेन. तो हजेरीपटातला आणि लग्नपत्रिकेतला शब्द वाटतो, माणूस खोलीत आहे एवढंच सांगतो, जवळीक काही येत नाही त्यात. 'सान्निध्य' जास्त चांगला, पण 'सानिध्य' लिहू नका, जोड न्न आहे. आणि लहान मुलं, म्हातारी माणसं सगळेच वाचणार असतील तर सरळ 'आगमनकाळात ख्रिस्त आपल्याबरोबर' एवढंच द्या.