नरक्या या झाडातलं कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाविरुद्धचं द्रव्य जसंच्या तसं औषध म्हणून का देत नाहीत? (खानापूरहून आलेला प्रश्न)

दोन अडचणी. एक, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दोन, त्याच्या रेणूतलं ई-वलय (लॅक्टोन, म्हणजे अणूंचं एक बंद कडं) रक्ताच्या ७.४ पीएचला उघडतं आणि उघडलं की टोपोआयसोमरेज-१ या, पेशीला डीएनएची नक्कल करताना लागणाऱ्या एन्झाइमवरची पकड गेली. विरघळावं म्हणून वलय मुद्दाम उघडून त्याचं सोडियम मीठ (क्षार) देऊन पाहिलं होतं. गुण कमी, मूत्राशयाला त्रास जास्त.

म्हणून नवा रेणू आखताना ई-वलय आणि २० क्रमांकाच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल (OH) गट (एस मांडणी, म्हणजे त्याची अवकाशातली ठरावीक दिशा) यांना हात लावायचा नाही. बदल रेणूतल्या ७, ९, १० क्रमांकाच्या जागी. अशा बदलांतून आलेल्या टोपोटेकान या औषधात ९ वर डायमिथिलअमिनोमिथिल (एक अमाइन गट), १० वर हायड्रॉक्सिल. अमाइनमुळे आम्लासोबत विरघळणारं मीठ बनतं. इरिनोटेकान या दुसऱ्या औषधात ७ वर इथिल, १० वर कार्बामेट गट; शरीरातली एन्झाइमं तो तोडून खरं औषध, एसएन-३८, मोकळं करतात. यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल (साखरेपासून बनलेलं) जोडून निकामी करतं, पण आतड्यातले जिवाणू ती जोडणी सोडवतात, मग जुलाब. दोन्ही औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

नरक्याची साल उकळून काढा मात्र कुणी पिऊ नये. हे पेशी मारणारं विष आहे.